पोलादातला वायू भट्टीच्या आधीच अडवा

पावसाळा लागला की नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. बिलेटच्या (ओतलेल्या चौकोनी कांबीच्या) सालीखाली पिनहोल, म्हणजे वायूची बारीक छिद्रं, आणि ओतलेलं कास्टिंग कापायला मशीनवर चढवलं की आतून ब्लो होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या. मे महिन्यात ग्रेड (पोलादाचा प्रकार) हाच, भट्टी हीच, चार्जही (भट्टीतली भरणी) असाच, आणि माल मात्र साफ. मग दोष हवेतल्या दमटपणावर ढकलला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा आपल्या हातात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मोजमाप. एक पीपीएम म्हणजे एका टनाला एक ग्रॅम. हे डोक्यात पक्कं बसवलं की वायूंचा सगळा हिशोब कागदावर करता येतो. १६०० अंशांना, वातावरणाएवढ्या दाबाखाली, शुद्ध लोखंडात साधारण २५ पीपीएम हायड्रोजन आणि ४५० पीपीएम नायट्रोजन विरघळतो. दाब कमी केला तर विरघळणारा वायू दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. हा सिव्हर्ट्सचा नियम. दाब शंभरपट कमी केला तर वायू दहापट कमी होतो, शंभरपट नाही.

हाच नियम हवेला लावून पाहा. मे महिन्यात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरा. एका घनमीटर हवेत जवळपास ११ ग्रॅम पाणी असतं. जुलैत २७ अंश आणि ८५ टक्के धरा, तर ते २२ ग्रॅम होतं. वाफ दुप्पट झाली, पण तिच्याशी समतोल राखणारा हायड्रोजन वर्गमुळाने, म्हणजे फक्त ४० टक्क्यांनी वाढतो. एवढ्यावर मालाचा बट्ट्याबोळ होत नाही. जुलैत खरं पाणी येतं ते चुन्यातून, भंगारातून, फेरोतून (पोलादात मिसळायच्या लोहमिश्रधातूंतून) आणि लॅडलमधून (वितळलेलं पोलाद नेणाऱ्या पात्रातून), आणि तेही किलोच्या हिशोबात.

वर्गमुळाची दुसरी बाजू घातक आहे. पोलाद गोठताना घन भागाला वायू नको असतो, तो उरलेल्या द्रवात ढकलला जातो. गोठणाऱ्या कडेला हायड्रोजन आणि नायट्रोजन सहज तिप्पट होतात. दाब वायूच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नऊपट. समजा हीटमध्ये (भट्टीच्या एका खेपेत) हायड्रोजन ६ आणि नायट्रोजन १२० पीपीएम आहे. वरच्या आकड्यांनी हायड्रोजनचा दाब सुमारे ०.०६ वातावरण, नायट्रोजनचा ०.०७. नऊने गुणा, म्हणजे ०.५२ आणि ०.६४. एकट्याने कोणीच बुडबुडा तयार करत नाही, पण बेरीज १.१६, म्हणजे बाहेरच्या एका वातावरणाच्या वर, होते आणि बुडबुडा तयार होतो. आता हायड्रोजन ४ आणि नायट्रोजन ९० वर आणा. बेरीज ०.६ च्या आसपास येते. दोन्ही वायू फक्त चतुर्थांश-तृतीयांशाने कमी झाले, आणि दाब निम्मा झाला. मिश्रधातूंचा आणि तापमानाचा परिणाम यात धरलेला नाही, तरी दिशा नेमकी हीच आहे. म्हणून 'आमचा नायट्रोजन लिमिटमध्ये आहे' या उत्तराला अर्थ नसतो. वायू एकत्र मोजावे लागतात, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा तिसरा वाटेकरी असतोच.

आता हायड्रोजन. सर्वात मोठा गुन्हेगार चुना. भाजलेला चुना हवेतली वाफ घेऊन विरतो आणि ते पाणी वरून दिसत नाही. चुना कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, आणि आत पाणी घट्ट बांधलेलं असतं. टनामागे १० किलो चुना टाकला आणि त्यात २ टक्के पाणी असेल तर २०० ग्रॅम पाणी गेलं. पाण्यात वजनाने एक नवमांश हायड्रोजन असतो, म्हणजे २२ ग्रॅम. टनाला २२ ग्रॅम म्हणजे २२ पीपीएम! सगळा विरघळत नाही, बराच उडून जातो, पण दहावा भाग जरी राहिला तरी दोन पीपीएमने वाढ झाली.

चुन्याची परीक्षा कोणत्याही लहान लॅबमध्ये होते. नमुना आधी १०५ अंशांना वाळवून तोला, मग ६०० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत ठेवून पुन्हा तोला. या टप्प्यात गेलेलं वजन म्हणजे विरलेल्या चुन्यातलं पाणी. मग १००० अंशांना ठेवा. इथे जातो तो न भाजलेल्या चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड. बहुतेक जण थेट १००० ला तापवून एकच आकडा लिहितात. त्या आकड्यावरून पुरवठादाराने कच्चा चुना दिला की आपल्याच गोदामात तो विरला, हे कळत नाही. पावसाळ्यात चुना बंद डब्यात किंवा सायलोत ठेवा, एक-दोन दिवस पुरेल एवढाच मागवा, आणि चाळून खालचा चुरा बाजूला काढा. चुऱ्याचं पृष्ठफळ जास्त असल्यामुळे पाणी आधी त्यातच शिरतं.

दुसरा नंबर गंजाचा. तांबूस गंज म्हणजे बहुतांशी पाणी धरून बसलेला लोखंडाचा ऑक्साइड. त्यात वजनाच्या सुमारे १० टक्के पाणी असतं आणि ते उन्हाने जात नाही. त्याला दोन-तीनशे अंश लागतात. शेडमध्ये आठवडाभर ठेवलेलं गंजकं भंगार कोरडं झालं असं समजणं चूक आहे. लेथच्या टर्निंगमध्ये कूलंट आणि तेल असतं, तेही हायड्रोजनच. यावर दोन उपाय आहेत. असं भंगार हीटच्या सुरुवातीला टाका, म्हणजे वितळलेल्या धातूत बुडण्याआधी ते तापतं. आणि शेवटच्या टॉप-अपला फक्त स्वच्छ, जाड, कोरडं भंगार ठेवा. ओलं भंगार किंवा बंद तोंडाचा पाईप द्रवावर टाकणं हा दर्जाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. एका क्षणात वाफ होते आणि धातू उसळून माणसांवर येतो. तिथे कोणतीही घाई मान्य नाही.

चंद्रपूर-रायपूरकडून येणारा स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड) छिद्राळ असतो. पावसात भिजला की पाणी आत जातं, तो पुन्हा ऑक्सिडाइज होतो आणि ढिगात गरमही होतो. पण हाच स्पंज कोरडा असेल तर मदत करतो. त्यातला उरलेला ऑक्साइड आणि चार्जमधला कार्बन मिळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, द्रवाला उकळी येते आणि ती उकळी हायड्रोजन आणि नायट्रोजन दोन्ही बाहेर ओढते. इंडक्शन भट्टीत ऑक्सिजनची लान्स (फुंकायची नळी) नसल्यामुळे ही उकळी हीच एक फुकटची सफाई आहे. थोडं पिग आयर्न (भरपूर कार्बन असलेलं कच्चं लोखंड) आधी देऊन स्पंज सावकाश टाकत राहिलं तर ती टिकते. फक्त भंगारावर चाललेल्या हीटमध्ये उकळी येत नाही, म्हणून तिथे भंगाराची निवड अधिक कडक हवी.

भट्टीची नवी अस्तरबंदी हा आणखी एक स्रोत. सिलिकाच्या रॅमिंग मासमध्ये (ठोकून बसवायच्या अस्तराच्या मिश्रणात) बांधणीसाठी बोरिक ॲसिड असतं आणि ते तापलं की पाणी सोडतं. सिंटरिंग (अस्तर भाजून घट्ट करणं) सावकाश करा, आणि नव्या अस्तरावरच्या पहिल्या एक-दोन हीटमध्ये साधा ग्रेड काढा. फोर्जिंगचा किंवा जाड कास्टिंगचा माल तिथे नको. लॅडलचंही तसंच. नव्या अस्तराची लॅडल आधी १०० ते १५० अंशांवर काही तास धरली पाहिजे, म्हणजे मोकळं पाणी निघून जाईल. मग हळूहळू चढवत १००० च्या वर नेली पाहिजे. बाहेरचं शेल हाताला गरम लागलं म्हणजे अस्तर वाळलं, असं नाही. पाणी गरम बाजूकडून थंड बाजूकडे पळतं आणि शेलला लागूनच साठतं. शेलच्या वीप-होलमधून (वाफ निघायच्या बारीक भोकांतून) वाफ यायची थांबली का, ते पाहा. नोझल (लॅडलच्या तळाचं तोंड) आणि स्लाइड गेटला (ते उघडणाऱ्या सरकत्या पट्टीला) लावलेला ओला मसाला अनेकदा विसरला जातो.

धानाचं तूस हा आपल्या भागातला विशेष मुद्दा. भंडारा-गोंदियाच्या राइस मिल जवळ असल्याने ते स्वस्त मिळतं आणि लॅडल-टंडिशवर (टंडिश म्हणजे लॅडल आणि साचा यांच्यामधलं भांडं) झाकण म्हणून सर्रास टाकलं जातं. कच्च्या तुसात ओलावा असतो, आणि ते जळताना त्यातला हायड्रोजनही सुटतो. टाकायचीच असेल तर पूर्ण जळलेली, कोरडी राख टाका, आणि ती पण थेट धातूवर नको, स्लॅगच्या (धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीच्या) थरावर. किल केलेल्या (ऑक्सिजन बांधून शांत केलेल्या) पोलादावर तर हे आणखी महत्त्वाचं. वाफ धातूला भिडली की तिचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात. धातूत ऑक्सिजन आधीच कमी असेल तर ही क्रिया जोमाने पुढे जाते. ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन देऊन ऑक्सिजन खाली आणल्यानंतर टाकलेली प्रत्येक ओली वस्तू जास्त नुकसान करते. फेरो २०० अंशांच्या वर तापवून मगच लॅडलमध्ये जावेत, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी लॅडल प्रीहीटरशेजारी पत्र्याची ट्रे ठेवली तरी काम होतं.

नायट्रोजनचा स्वभाव निराळा. तो एकदा शिरला की काढणं महाग, म्हणून येऊच द्यायचा नाही. इंडक्शन भट्टीत तो आणणारी पहिली वस्तू म्हणजे कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवायला टाकलेला पदार्थ. स्वस्त पेट्रोलियम कोकमध्ये एक टक्का नायट्रोजन असला तर टनाला ५ किलो टाकल्यावर ५० ग्रॅम, म्हणजे ५० पीपीएमची क्षमता आत गेली. ग्राफाइट महाग पडतो पण त्यात नायट्रोजन फारच कमी. साध्या सळईला कोक चालेल, कास्टिंगला नको. कार्बन शक्यतो पिग आयर्नमधून घ्या, आणि कार्बुरायझर द्यायचाच तर चार्जच्या तळाशी द्या, म्हणजे पुढच्या उकळीत काही नायट्रोजन निघून जाईल. टॅपिंगच्या (भट्टीतून धातू ओतण्याच्या) आधी शेवटच्या क्षणी टाकलेला कोक सर्वात वाईट.

विजेच्या ज्योतीने (आर्कने) तापणाऱ्या भट्टीत किंवा लॅडल फर्नेसवर आर्कच्या पट्ट्यात नायट्रोजनचे रेणू फुटून अणू होतात आणि ते धातूत पटकन शिरतात. आर्क स्लॅगमध्ये बुडलेला असावा, फेसाळ स्लॅग त्यासाठीच. आर्क उघडा पडून कर्कश आवाज येऊ लागला की नायट्रोजन चढतो आहे असं समजा आणि व्होल्टेज कमी करा किंवा स्लॅग वाढवा. टॅपिंगची धार जाड आणि सलग ठेवा. विस्कटलेली धार हवा ओढून घेते. इथे ऑक्सिजनचा एक फायदा होतो. ऑक्सिजन आणि गंधक धातूच्या पृष्ठभागावर बसतात आणि नायट्रोजनचा रस्ता अडवतात. म्हणून नायट्रोजन जपायचा असेल तर पूर्ण किल करून टॅप करू नका, डीऑक्सिडेशनचा (ऑक्सिजन काढण्याचा) मोठा भाग लॅडलमध्ये धार संपत आल्यावर करा. तीच अडवणूक उलट बाजूनेही होते. व्हॅक्यूममध्ये नायट्रोजन काढायचा असेल आणि गंधक ०.०३ टक्के असेल, तर कितीही पंप चालवा, आकडा हलत नाही. गंधक ०.०१ च्या खाली नेल्यानंतरच तिथे काही मिळतं.

सळईवाल्यांना नायट्रोजनची फिकीर नसते, हा समज मला पटत नाही. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात नायट्रोजन ०.०१२ टक्के, म्हणजे १२० पीपीएमच्या वर नसावा असं म्हटलं आहे. त्याच मानकातल्या रिबेंड चाचणीत वाकवलेली सळई उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग उलटी वाकवतात. हे पाणी उगाच नाही. ताण बसलेल्या पोलादात मोकळा नायट्रोजन सरकून ते ठिसूळ करतो, आणि ही क्रिया १०० अंशांना लवकर पूर्ण होते. रिबेंडमध्ये सळई तडकली की आधी फॉस्फरस पाहिला जातो. नायट्रोजनही पाहा. टायटॅनियम देऊन तो बांधता येतो, वजनाने नायट्रोजनच्या साधारण ३.४ पट लागतं. पण बिलेटच्या छोट्या, धारेचं माप ठरवणाऱ्या मीटरिंग नोझलमध्ये त्याची घाण बसते, म्हणून मी तो शेवटचा उपाय मानतो.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. ०.०५ टक्के कार्बनला समतोलातला ऑक्सिजन साडेचारशे पीपीएमच्या आसपास, ०.२० ला सव्वाशेच्या खाली, आणि भट्टीत तो नेहमी याहून जास्त असतो. एक पीपीएम ऑक्सिजन बांधायला टनाला १.१ ग्रॅम ॲल्युमिनियम लागतं, पण निम्मं जवळजवळ हवेत आणि स्लॅगमध्ये जातं, तेव्हा हिशोब दुपटीचा ठेवा. उघड्या धारेच्या बिलेट कास्टरवर (धातू सलग ओतून बिलेट बनवणाऱ्या यंत्रावर) ॲल्युमिनियमने नोझल बुजतं, म्हणून तिथे सिलिकॉन-मँगनीजने किल करतात. मँगनीजचा पट्टा हाताशी असल्यामुळे सिलिको मँगनीज इथे सहज मिळतं. मँगनीज-सिलिकॉनचं गुणोत्तर तीनच्या आसपास किंवा वर ठेवा, म्हणजे तयार होणारी मळी पातळ राहते आणि तरंगून वर येते. सेलॉक्स प्रोब (धातूत बुडवून ऑक्सिजन मोजणारा) असेल तर कास्टिंगला सोडण्याआधी एक बुडी मारा. एका प्रोबचा खर्च एका परत आलेल्या बिलेटच्या पुढे काहीच नाही.

व्हॅक्यूम नसलेल्या कारखान्यांत एक आशा असते की आर्गॉन पर्जिंगने (धातूतून आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडून) हायड्रोजन निघून जाईल. हिशोब करू. ५ पीपीएम हायड्रोजन असलेल्या धातूतून बाहेर पडणारा आर्गॉनचा बुडबुडा जास्तीत जास्त ४ टक्के हायड्रोजन घेऊन येतो. एक घनमीटर आर्गॉन म्हणजे पावणेचार ग्रॅम हायड्रोजन. २० टनांच्या लॅडलमधून एक पीपीएम, म्हणजे २० ग्रॅम, काढायला पाच घनमीटरपेक्षा जास्त आर्गॉन लागेल, तोही प्रत्येक बुडबुडा पूर्ण भरून आला तर. मिनिटाला १०० लिटरने हे जवळपास तासाचं काम आहे. तेवढ्यात धातू थंड होईल, आणि स्लॅगमध्ये उघडा डोळा (धातू उघडा दिसणारी जागा) पडला असेल तर नायट्रोजन वाढेल. पर्जिंग तापमान आणि रसायन सारखं करायला आणि मळी वर आणायला करा, हायड्रोजन काढायला नाही. पृष्ठभाग हलता दिसावा पण धातू उघडा पडू नये, एवढाच प्रवाह ठेवा.

हायड्रोजन खरा निघतो तो व्हॅक्यूममध्ये. एक मिलिबारला समतोल ०.८ पीपीएमवर येतो, दहा मिलिबारला अडीचवर. हाच फरक रूळ आणि जाड फोर्जिंगचं भवितव्य ठरवतो, कारण त्यांना दोनच्या खाली हवं असतं. भिलाईसारख्या रूळ लाटणाऱ्या कारखान्यात पोलाद व्हॅक्यूममधून गेल्याशिवाय कास्टरवर जात नाही, ते याचसाठी. व्हीडी (व्हॅक्यूम डीगॅसिंग, म्हणजे व्हॅक्यूमने वायू काढण्याच्या) टाकीत लॅडल बसवण्याआधी चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. वर निदान ६०० मिलिमीटर मोकळी जागा, नाहीतर स्लॅग उतू जाऊन झाकणाला चिकटतो. धातू नीट किल झालेला आणि स्लॅगमधला लोखंडाचा ऑक्साइड एक टक्क्याच्या आसपास, नाहीतर व्हॅक्यूममध्ये उकळी येते. तापमानात ४० ते ६० अंशांची सवड, कारण आर्क बंद असताना मिनिटाला दोन-तीन अंश जातात. आणि पोरस प्लग (आर्गॉन सोडणारी लॅडलच्या तळाची सच्छिद्र वीट) चालू असल्याची खात्री. प्लग बंद असेल तर दाब कितीही खाली न्या, तळचा धातू वर येत नाही आणि वायू तसाच राहतो.

दाब उतरवताना पहिल्या टप्प्यात आर्गॉन अगदी कमी ठेवा, स्लॅग फुगतो आहे का ते काचेतून पाहत राहा, फुगला तर पंपाचा एक टप्पा थांबवा. एक मिलिबारच्या खाली गेल्यावर आर्गॉन वाढवा. पंधरा ते वीस मिनिटांची वेळ तिथून मोजायची, झाकण ठेवल्यापासून नाही. रिपोर्टमध्ये 'व्हीडी टाइम २५ मिनिटं' लिहिलेलं असतं आणि त्यात दाब खाली असलेली मिनिटं नऊच निघतात, हे मोठ्या खरेदीदारांच्या तपासणीत पहिल्यांदा पकडलं जातं. दाब दोन-तीन मिलिबारवर अडकला तर आधी झाकणाचं सील, मग धूळ फिल्टर, मग स्टीम इजेक्टरचं (वाफेवर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचं) थंड पाणी तपासा. उन्हाळ्यात इथे कूलिंग टॉवरचं पाणी गरम राहतं आणि कंडेन्सर मागे पडतो. म्हणजे पावसाळ्यात हायड्रोजन आत येण्याची भीती, तर मे महिन्यात तो बाहेर न निघण्याची.

व्हॅक्यूमनंतर कमावलेलं गमावणं फार सोपं आहे. कॅल्शियम वायर देताना कॅल्शियम उकळतो, पृष्ठभाग फाटतो आणि नायट्रोजन चढतो. वायर वेगाने आणि खोलवर गेली पाहिजे. लॅडल ते टंडिश श्राउड (धारेभोवतीची बंद नळी) लावा, सांध्यावर गॅस्केट आणि आर्गॉन ठेवा. लॅडल आणि टंडिशमधल्या नायट्रोजनचा फरक ५ पीपीएमहून जास्त आला तर तो सांधा हवा ओढतो आहे. नव्या टंडिशचं अस्तर ओलं असेल तर सिक्वेन्सच्या (सलग ओतल्या जाणाऱ्या हीटच्या मालिकेच्या) पहिल्या हीटमध्ये हायड्रोजन पुन्हा वाढतो, म्हणून नाजूक ग्रेड दुसऱ्या हीटपासून घ्या.

मोजणीत चूक होते ती नमुन्यात. हायड्रोजन घन पोलादातूनही साध्या तापमानाला निसटतो. नमुना काढल्या क्षणी बर्फाच्या पाण्यात बुडवून गोठवा आणि लॅबपर्यंत द्रव नायट्रोजनमध्ये न्या. खिशात ठेवून दुपारी दिलेल्या पिनचा (नमुन्याच्या बारीक कांडीचा) आकडा नेहमी छान येतो, आणि तो खोटा असतो. शक्य असेल तर द्रव धातूत बुडवून थेट वाचणारा हायड्रिस प्रोब वापरा. तो नसेल आणि हीटबद्दल शंका असेल, तर मिश्रधातूचे जाड ब्लूम (बिलेटहून मोठे ठोकळे) उघड्यावर टाकू नका. फ्लेक (हायड्रोजनमुळे आत पडणाऱ्या बारीक चिरा) २०० अंशांच्या खाली उतरल्यावर पडतात, काही वेळा दिवसांनी. गरम असतानाच एकावर एक रचून झाकणाच्या खड्ड्यात ठेवा आणि सावकाश थंड होऊ द्या. जाडी दुप्पट झाली की हायड्रोजन बाहेर पडायला चौपट वेळ लागतो, त्या हिशोबाने खड्डा उघडण्याची वेळ ठरवा.